गोरखच्या नाकातली लव

४ जानेवारी

शेफालीने अकरा पानं टेबलावर टाकली, अर्धा चहा प्यायली आणि पुण्याला परत गेली. पानं इंग्रजी. त्यांचं मराठी करायचं — असं, की वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यात वाचून दाखवलं तर कळेल.

बहिणीची मुलगी. श्वासनलिकेच्या पेशींवर संशोधन करते. माणसाच्या नाकात बारीक ब्रश फिरवायचा, पेशी काढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. आधी त्याला सगळं वाचून दाखवायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. नियम आहे.

"मामा, तू थोडक्यात लिहितोस ना, म्हणून तुला देतेय."

तीस वर्षं भोरच्या कॉलेजात मराठी शिकवलं. पुस्तकं दोन. पहिलं चौसष्ट पानांचं, दुसरं अठ्ठेचाळीस. शेफाली म्हणते, तिसऱ्यात नुसता पुठ्ठा असेल.

धनगरवाडा मीच सुचवला. गोरखसाठी. आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता, एक वर्ष. जन्मापासून ओला खोकला. लहानपणी दोनदा क्षयाची औषधं झाली. आता बेडक्यात जंतू सापडत नाहीत — तसा सरकारी दवाखान्याचा कागद आहे. पण खोकला थांबत नाही, म्हणून कागदावर कुणाचा विश्वास नाही. "जंतू न्हाईत तर मग खोकतो कशानं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर कुणाकडेच नाही. तोवर, अकरा वर्षं झाली, गोरख शेळ्यांच्या वाड्याला लागून काढलेल्या पडवीत झोपतो. ताट वेगळं.

वर्गात तो नेमका माझ्या महत्त्वाच्या वाक्याला खोकायचा. बाकीचे झोपलेले असत. त्यामुळे ऐकणारा तोच, असं मी धरून चाललो होतो.

६ जानेवारी

सिलिया. शासकीय परिभाषेत 'पक्ष्माभिका'. हा शब्द ज्याने घडवला त्याला धनगरवाड्यात वाचायला पाठवावा.

'केस' म्हणावं तर नाकातले केस डोळ्यांपुढे येतात. ते वेगळे. हे पेशीवरचे, डोळ्यांना न दिसणारे. — 'लव'. झालं. लव.

शेफालीला फोन केला. लव हलते कशी?

"सेकंदाला दहा-बारा वेळा. सगळी एकाच दिशेने. तिच्यावरचा शेंबूड, धूळ, सगळं घशाकडे ढकलत राहते. पेशीच्या पडद्यात दारं असतात, मामा. एका दारातून कॅल्शियम आत आलं की लव जोरात हलते. दुसऱ्यातून क्लोराइड बाहेर गेलं की त्याच्यामागून पाणी जातं. त्या पाण्यात लव उभी असते. दार बिघडलं की सगळं बिघडलं."

"दार खरोखर असतं का?"

"म्हणजे काय खरोखर?"

"उपमा आहे की वस्तू?"

"मामा, मी प्रयोगशाळेत आहे."

७ जानेवारी

अकराची चार पानं झाली. 'दार' काढलं. उपमा ही लेखकाची आळशी सवय.

पण मग 'भिंत'ही काढावी लागते. 'पडदा'ही. सगळं काढल्यावर पेशीत काहीच उरेना. दार परत बसवलं. चिडचिड.

९ जानेवारी

एक पान! सकाळी सात ते दुपारी एक. शेवटची झाडाझडती जेवणाआधी. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल' — काढलं. 'नमुना देण्याआधी दोन दिवस नाकात काहीही घालू नये' — कोण घालतं? काढलं. 'सदर' सतरा वेळा होतं, सतराही काढले.

शेफालीला पाठवलं. मोबाईलवर उत्तर — एक अंगठा.

१२ जानेवारी, रविवार

धनगरवाड्यात जाऊन पान वाचून दाखवलं. भोरहून एसटीने नसरापूर, तिथून वेल्ह्यापर्यंत वडाप — दहाच्या जीपमध्ये सतरा. पुढे गोरख मोटारसायकल घेऊन आला होता. चढावर गाडी आणि तो, दोघंही खोकत होते.

आठ घरं. अंगणात सगळी जमली. वाचायला तीन मिनिटं लागली. मग शांतता. मला वाटलं, परिणाम झाला.

सारजाबाई म्हणाल्या, "वाचा की फुडं."

"संपलं."

"येवढ्यासाठी येवढ्या लांब आला?"

सारजाबाई वाड्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. बाळंतपणं, मुरगळलेले पाय, आजारी मेंढ्या — सगळं त्यांच्याकडे. मला म्हणाल्या, "नाकाच्या आत बघनार म्हंता. किती आत?"

दोन बोटं दाखवली.

"व्हय का." त्यांनी बायकांकडे पाहिलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी होतं. मी लक्ष दिलं नाही.

गोरख सोडायला खालपर्यंत आला. गाडी उभी करून म्हणाला, "सर, सोमनाथच्या पोराला अजून पायलं न्हाई म्या." सोमनाथ धाकटा भाऊ. बायको वर्षाराणी बाळंतपणाला माहेरी, सारोळ्याला. होळीनंतर बाळाला घेऊन येणार.

"आई म्हंती, पोर आलं की तू उंबऱ्याच्या आत येऊ नको. सोमनाथ कायच बोलला न्हाई. तवर कळंल का सर, हे क्षय न्हाई म्हनून?"

मी म्हणालो, बघू.

"मला त्याला घ्यायचाय, सर."

१९ जानेवारी, रविवार

नमुने घेतले. गोरख, त्याची आई धोंडाबाई, सोमनाथ, सारजाबाई आणि तुलनेसाठी शेजारचे आठ. बारा नाकं.

विलक्षण शिस्त! अंगणात शेणसडा. सगळे धुतल्या कपड्यांत, रांगेत. नाकांवर ऊन पडलं की चकाकत होती. थंडीत कातडीला काहीतरी लावलं असेल.

ब्रश गेला की प्रत्येकाच्या डोळ्यांतून पाणी. गेनू म्हणून एक सहा फुटी गडी — बोकड खांद्यावर टाकून डोंगर चढतो — तो ब्रश बघून पळाला. त्याच्या बायकोने मानगूट धरून आणला. "दोन पोरं काढली म्या, आन् ह्यो ब्रशाला भितोय!"

शेफाली खूश. जाताना डबा मांडीवर धरून बसली, बाळासारखा.

२१ जानेवारी

शेफालीचा फोन. आवाज थंड.

"मामा, नाकात तूप आहे."

"कुणाच्या?"

"बाराच्या बारा! पेशींवर तुपाचे थेंब. काहींमध्ये तपकिरीचे कण. अर्ध्याअधिक पेशी मेल्यात. लव दिसतच नाही. नाकात काही घालू नका, हे तू वाचून दाखवलंस ना?"

मी म्हणालो, "बघतो."

काय बघतो?

२२ जानेवारी

कागद काढला. वाक्य नाही. कच्चा खर्डा काढला. तिथे आहे, माझी लाल रेघ मारलेलं. समासात माझ्याच अक्षरात शेरा: 'अनावश्यक'.

अक्षर सुरेख आहे.

२३ जानेवारी

गोरखला फोन करून विचारलं. तो सरळ म्हणाला, "घातलं की. सारजाआज्जीनं घालाय लावलं."

आदल्या संध्याकाळी सारजाबाईंनी सगळ्यांना ओळीत बसवलं. आधी तपकीर. शिंकून शिंकून आतलं सगळं बाहेर. मग कोमट तूप, दोन-दोन थेंब. मागून सारजाबाईंचाच आवाज आला — "पाव्हणं अंगनात येनार म्हटल्यावर आमी अंगन झाडतो. नाकात येनार म्हटल्यावर नाक झाडलं. त्यात काय चुकलं?"

काही चुकलं नाही. अकरा पानं लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने ते वाक्य लिहिलं होतं. मला इथे राहून ठाऊक नव्हतं.

२४ जानेवारी

शेफालीला अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोन लावला. दोनदा हवापाण्याबद्दल बोललो.

संध्याकाळी तिचाच आला. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, हा वाडा सोडून द्या. सूचना पाळत नाहीत ती माणसं. दुसरं गाव बघा.

"आणि गोरख?"

"एका माणसासाठी परत नाही जाता येत, मामा. मार्चअखेर माझी मुदत संपते."

फोन ठेवला. सूचना न पाळणारी माणसं — हे आता कुठल्यातरी वहीत लिहिलं जाणार. बारा माणसांच्या नावावर. माझ्या सहीशिवाय.

२५ जानेवारी

शेफालीला मोबाईलवर लिहिलं. सगळं. वाक्य कुठे होतं, कधी काढलं, का काढलं, समासात काय लिहिलं. वाड्याची चूक नाही. तुझ्या बाईंना माझं नाव सांग. पाहिजे तर त्यांना मी भेटतो. गोरखचा पुतण्या होळीनंतर येणार, ते का महत्त्वाचं, तेही. मग क्षमा. मग परत क्षमा. अंगठा दुखला. आयुष्यात एवढं पाल्हाळ लावलं नव्हतं.

२६ जानेवारी

उत्तर आलं. "ओके."

इतकं आटोपशीर वाक्य मला अजून जमलेलं नाही.

२७ जानेवारी

शेफाली बोलली. आधी रागावली. मग म्हणाली, "मी तरी कुठे वाचलं? अंगठा दाखवून मोकळी झाले." मग परत रागावली. येत्या रविवारी एकदा. शेवटचं. बाईंना तिने कसंबसं तयार केलंय.

नवीन पान लिहिलं. दोन झाली. तूप घालू नये. तेल घालू नये. तपकीर ओढू नये. पाणी ओढू नये. मीठ-पाणी नको. वेखंड नको. बोट नको. दुसऱ्याचंही नको.

वाचताना लाल रेघ मारायचा मोह येतो. पण येऊ दे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

वाड्यात आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं की चूक माझी. वाक्य मी काढलं. सारजाबाईंनी विचारलं, "का काढलं?"

"गरज नाही असं वाटलं."

"आता किती लिवलीत?"

"आठ."

"मंग बरूबर." एवढ्यावर विषय मिटला.

शेफालीने या वेळी सगळ्यांना समजावून सांगितलं. लव, पाणी, दारं. धोंडाबाई नुसत्या मान हलवत होत्या. सारजाबाईंनी मध्येच थांबवलं. "म्हंजे बग धोंडे, खाली वेल्ह्याकडं भाताची खाचरं हायत न्हवं? पानी हाय तवर रोप वाऱ्यावं डुलतं. पानी आटलं की चिखल धरतो. रोप चांगलं असतंय. पर हलनार कसं?"

शेफाली माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मामा, हे का नाही लिहिलंस?"

कारण ही उपमा आहे. आणि मला सुचली नव्हती. दुसरं कारण खरं.

गोरखची पाळी आली. ओट्यावर बसला. ब्रश नाकात, डोळ्यांत पाणी, दोन्ही हात गुडघ्यांवर. एवढ्यात दोन शेळ्या आल्या आणि त्याचे हात चाटू लागल्या. एक डावा, एक उजवा. सोमनाथ शेजारीच बसला होता, त्याच्याकडे एकीनेही पाहिलं नाही. शेफालीने हाकललं. परत आल्या. तिसरी आली, ती त्याच्या मानेला लागली.

"या नेहमी असंच करतात?"

गोरखला बोलता येईना. धोंडाबाई म्हणाल्या, "त्याच्यावं लई जीव शेरडांचा. ल्हानपनापास्नं. उन्हातनं आला की सोडतच न्हाईत."

"फक्त त्यालाच चाटतात?"

"व्हय. खारट हाय न्हवं त्यो." धोंडाबाई हसल्या. "तान्हा असताना मुका घेतला की ओठाला मीठ लागायचं. सासू म्हनायची, पोरगं का लोनचं?"

शेफाली हसली नाही. ब्रश नळीत बुडवला, झाकण लावलं. मग गोरखचा हात धरून उन्हात वळवला. मनगटाच्या वर कातडीवर पांढरी बारीक रेघ — वाळलेल्या मिठाची. थंडी असूनही.

"गोरखदादा, एक दिवस पुण्याला याल? घाम तपासायचाय."

"घाम?" गोरखने नाक पुसलं. "घाम गाळाय लोक गड चढाय हितं येत्यात ताई. मला कशाला तिकडं नेताय?"

उतरताना गाडीत शेफाली वहीत काहीतरी लिहीत होती. कापूरहोळच्या ढाब्यावर मिसळ पुढे आली तेव्हा म्हणाली, "घामाच्या ग्रंथीतही तेच दार असतं, मामा. क्लोराइडचं. तिथे ते मीठ परत आत ओढून घेतं. दार बिघडलेलं असलं तर मीठ कातडीवरच राहतं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही. मी सहा पानांची प्रश्नावली केली होती. त्यात शेळ्यांचा प्रश्न नव्हता."

मी म्हणालो, "मी काढला नाही. नव्हताच."

तेव्हा हसली.

१० फेब्रुवारी

गोरखबरोबर पुण्याच्या इस्पितळात. हातावर औषध लावून पट्टी बांधतात, घाम येतो, तो छोट्या नळीत जमा करतात. गोरख नळीकडे बघत होता. "सर, जल्मभर गाळला. जपून ठेवनारं पयल्यांदाच कुनी भेटलं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, मीठ जास्त वाटतंय, पण एकदा पुरत नाही. परत करू. रक्तही पाठवू. तीन-चार आठवडे.

गोरखने मनातल्या मनात मोजलं. होळी.

२८ फेब्रुवारी

शेफालीने मोबाईलवर चित्रफीत पाठवली. गोरखच्या पेशी, तिच्या उबेच्या पेटीत वाढवलेल्या. आता लव फुटली आहे. ताजा क्षारांचा द्राव घातला की हलते.

चौदा सेकंदांची फीत. गोरखलाही पाठवली. बाजरीच्या शेतावरून वारा जावा तशी —

लिहिलं. राहू दे.

११ मार्च

निकाल! घाम दोन्ही वेळा खारट. रक्तातही तेच — क्लोराइडच्या दाराचा जन्मजात दोष. सिस्टिक फायब्रोसिस. क्षय नाही. लहानपणीही नसावाच, असं डॉक्टरबाई म्हणतात. घरातल्या कुणाला लागत नाही. बाळाला तर नाहीच. उपचार म्हणून वाफ आणि गोळ्या लिहून दिल्यात.

शेफालीने सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि गोरखला फोन केला. म्हणालो, "गोरख, तुझ्यापासून कुणालाही काही होणार नाही."

तिकडून खोकला. मग — "सर, हे आईला सांगा. माजं ऐकायची न्हाई." धोंडाबाई फोनवर आल्या. सांगितलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही.

"नाव काय म्हनला?"

सिस्टिक फायब्रोसिस. धोंडाबाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मागून सारजाबाई — "मिठाचं दुखनं म्हन. झालं!"

१६ मार्च, रविवार

वाड्यात बोलावणं होतं. वर्षाराणी काल आली. पोरगा गुटगुटीत, जावळ भरपूर, आवाज पंचक्रोशीत.

गोरख न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्याबाहेर उभा. सांगूनही आत येईना. अकरा वर्षांची सवय. शेवटी वर्षाराणी उठली, बाहेर आली आणि पोर त्याच्या हातांत ठेवलं. "भावजी, धरा नीट. पाय म्हसोबापुढं गहान ठिवलाय का? आत या."

तो आत आला. धोंडाबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसल्या होत्या, धूर नसताना डोळे पुसत.

पोराने गोरखच्या हनुवटीला तोंड लावलं आणि वाकडं केलं. सगळे हसले. गेनू सगळ्यांत मोठ्याने.

जेवायला एक पंगत. शेफालीला खास मान — तिच्या ताटातल्या वाटीत तूप. ती वाटीकडे बघत राहिली. मग खाल्लं.

१९ मार्च

दुपारी गोरखचा फोन. शेळ्या घेऊन पठाराच्या टोकाला होता. रेंज तिथेच येते.

"सर, क्षयाच्या गोळ्या सा महिन्यांत संपायच्या. ह्या कवा संपत्यात?"

हे शेफालीने मला निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

"नाही संपत, गोरख. रोज वाफ, रोज गोळ्या. कायम."

त्याने एका शेळीला हाक मारली. मग म्हणाला, "ताईंच्या पेटीत माज्या त्या पेशी हायत का अजून? हलत्यात का?"

शेफालीला विचारलं. आहेत. हलताहेत.

त्याला कळवलं.